शुक्रवारचा धूर

माझ्या सासूबाई दर शुक्रवारी दुसऱ्याच्या घरात जाऊन चूल पेटवायच्या. आमच्या घरी गॅस होता, मागच्या पडवीत चूलही होती, पण शुक्रवारी दुपारची भांडी झाली की काखेत चार लाकडं घेऊन त्या निघायच्या. दगडी गडग्याला एके ठिकाणी खिंड पडली होती, तिच्यातून पलीकडच्या अंगणात शिरायच्या, आणि थोड्या वेळानं त्या कुलूपबंद घराच्या कौलांतून धूर वर यायला लागायचा. लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला वाटलं, बाईचं डोकं जरा सरकलेलं दिसतंय. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली. आमच्याकडे बंद घराला कुलूप घालतात आणि विसरतात, त्याला कोणी चहापाणी विचारायला जात नाही.

सासूबाईंचं नाव साळूबाई. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाकडे निघालं की रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची वाडी लागते. तिथं आमचं घर, आणि गडग्यापलीकडे मुश्ताकभाईंचं. मुश्ताकभाई कुवेतला ट्रेलर चालवायचे. त्यांची आई, हमीदाबी, म्हातारपणी मुलानं घेतलेल्या महाडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली तेव्हा घराची चावी तिनं सासूबाईंच्या हातात ठेवली होती. झाडलोट केली नाहीस तरी चालेल, पण जुम्याच्या जुम्याला चूल पेटव, असं सांगून गेली. सागवानी वासे, सागवानी आढं. अशा घराला धूर मिळाला नाही की वाळवी लागते, आणि एकदा लागली की घर आतून खाऊन टाकते. वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. हमीदाबी पुढं महाडलाच वारली, पण सासूबाईंचा शुक्रवार चुकला नाही. बाळंतपणं झाली, लग्नं झाली, माझ्याशी भांडण करून दोन दिवस जेवल्या नाहीत तेव्हासुद्धा शुक्रवारी लाकडं घेऊन गेल्या.

आता धुरासाठी चूल पेटवायची तर नुसतं पाणी उकळलं तरी भागतं. आमच्या सासूबाई मात्र बऱ्याच वेळानं परत यायच्या, आल्या की आधी न्हाणीत शिरायच्या, आणि बाहेर आल्यावर अंगाला लिंबाच्या पानांचा वास यायचा. चेहरा असा शांत झालेला असायचा की त्या दिवशी मी दूध उतू जाऊ दिलं तरी शब्द निघायचा नाही. माझं नाक बाजारपेठेतलं आहे. लिंबाच्या वासाखालचा मासळीचा वास ओळखायला मला वेळ लागला नाही. पण घरात ती गोष्ट कोणी काढत नव्हतं, म्हणून मीही काढली नाही.

त्याचं कारण आमचे आबा. आबा म्हणजे माझे सासरे, महिपती. माझा नवरा रितेश लहान असताना एका मोठ्या दुखण्यातून उठले आणि त्यांनी गळ्यात माळ घातली. माळकऱ्याच्या घरात मासमच्छी शिजत नाही. आबांनी बायकोला 'तू खाऊ नकोस' असं कधी म्हटलं का, हे मला ठाऊक नाही. बहुतेक म्हटलंच नसेल. म्हणावं लागतच नाही. घरच्या माणसानं माळ घातली की त्याची बायको भांडी घासूनपुसून, मासळीचं मडकं फोडून मोकळी होते, आणि चार बायका तिला म्हणतात, नशीबवान आहेस गो. सासूबाईंनीही तसंच केलं.

पण त्या तुडीलच्या. तुडील म्हणजे सावित्रीच्या काठचं गाव. तिथं भरतीचं पाणी वर चढतं आणि त्याबरोबर मासळी. तिथल्या पोरीला दात यायच्या आधी काटा काढायला शिकवतात, असं सासूबाईच म्हणायच्या. तिथून ती मुलगी या डोंगरात आली, जिथं नाचणी आणि कुळीथ, आणि पावसाळ्यात खेकडे मिळाले तर मिळाले. तेही माळेनंतर बंद झालं.

एकदा शुक्रवारी आमच्याकडे अचानक पाहुणे आले आणि सासूबाईंना बोलवायला मी गडगा ओलांडून गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत चुलीपुढं सासूबाई पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात जर्मनचं ताट, त्यात भात आणि सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, लालभडक कालवण. खात होत्या, पण कशा, ते सांगायला हवं. घाई नाही, चोरटेपणा नाही. एक घास घ्यायचा, थांबायचं, चुलीतल्या जाळाकडं बघायचं. मला पाहून हात तसाच ताटात राहिला. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. त्या म्हणाल्या, "बस." दुसरी ताटली नव्हती, म्हणून झाकणीवर मला वाढलं. मी खाल्लं. पाहुणे बसले होते वाट बघत, बसू देत.

त्या दिवशी त्यांनी मला त्यांचं माहेर सांगितलं. बाप नदीत पाग, म्हणजे फेकजाळं, टाकायला जायचा, ओहोटीला चिखलात पाय रुतायचे, आई अंगणात जवळा वाळत घालायची आणि कावळे हाकायला हिला बसवायची. आईबाप गेले, घर भावाचं झालं. भाऊ चांगू वर्षाकाठी एकदा येताना सोडे, सुकट, बोंबील बांधून आणायचा, आणि ते सगळं हमीदाबीच्या सैपाकघरात पत्र्याच्या डब्यात राहायचं. खायची हौस म्हणून नाय खात गो, त्या म्हणाल्या, घास तोंडात गेला का माजी आय दिसते. मला माझी आई आठवली, आणि ती तर महाडला, तासाभराच्या अंतरावर जिवंत होती.

मुश्ताकभाई आणि त्यांची बायको महरुन्निसा दर मे महिन्यात चार दिवस यायची. आधी फोन यायचा. मग सासूबाई चूल आणि भिंत सारवायच्या, डबा आमच्या गोठ्याच्या माळ्यावर जायचा, घर लखलखीत व्हायचं. मुश्ताकभाई वर बघायचे, वाशांवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, आमच्या आजानं काय लाकूड वापरलंय, बघा, कीड म्हणून नाही. सासूबाई मान डोलवायच्या.

मग तो महापुराचा पावसाळा आला. महाडात पाणी शिरलं ते पहिल्या मजल्याला टेकलं. मुश्ताकभाईंचा फ्लॅट तळमजल्याला. कुवेत कायमचं सोडून, आता आरामात राहायचं म्हणून त्यांनी नवा सोफा, नवं फर्निचर केलेलं, ते सगळं चिखलात गेलं. त्या वर्षी डोंगरही धड राहिले नव्हते, आमच्या तालुक्यानं काय काय पाहिलं ते मी इथं सांगत नाही. आमची वाडी सपाटीवर असल्यानं वाचली. चिखल उपसून थकल्यावर महरुन्निसानं नवऱ्याला सांगितलं, आता नदीच्या काठाला मी झोपणार नाही. वरचं घर आहे ना, तिथं चला. आणि मुश्ताकभाई घर बघायला एकटेच आले. फोन न करता. दुसरी चावी त्यांच्याकडे होतीच.

तो दिवस शनिवार होता. चुलीतली राख अजून भुरभुरीत. फडताळात डबा, डब्यात सोडे आणि बोंबील. कोपऱ्यात केराच्या सुपलीत काटे. भिंत वरपासून खालपर्यंत काळी. पुरानं आधीच डोकं फिरलेला माणूस, त्यात हे. ते तसेच आमच्या पडवीत आले. आबा दोरी वळत बसले होते. मुश्ताकभाई ओरडले नाहीत, तो त्यांचा स्वभाव नाही. म्हणाले, हायवेच्या कामाला बाहेरची माणसं आलीत, त्यांना माझं घर राहायला दिलं का कोणी? रोज चूल पेटते तिथं, मासळी शिजते. तुम्ही माळकरी माणसं, तुमच्यावर संशय घ्यायचं पाप मी करणार नाही. पण चावी वहिनींकडे होती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. आता बघा, या बाईपुढं दोनच वाटा होत्या. खरं सांगावं, तर माळकऱ्याची बायको चोरून मासळी खाते हे नवऱ्यासमोर उघडं पडतं. गप्प बसावं, तर विश्वासानं दिलेली चावी तिनं परक्यांच्या हातात दिली असं ठरतं. माझ्या जिभेवर आलं होतं. पण सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी ते गिळलं. त्या आत गेल्या, देवळीतली चावी आणली आणि मुश्ताकभाईंच्या समोर ठेवली. म्हणाल्या, "चुकलं माजं." आबा दोरी वळतच राहिले. मला आबांचा असा राग आला की त्या दिवशी त्यांना भाकरी वाढताना मी टोपलं आपटलं.

पुढच्या महिन्याभरात मुश्ताकभाईंनी घराचा कायापालट केला. चूल फोडली. तिथं काळ्या फरशीचा ओटा आला, गॅस आला, भिंतीला पिस्ता रंगाचा ऑइलपेंट लागला. वासे घासून घासून धुराचा थर काढला आणि वॉर्निश मारलं. घर असं चकाकायला लागलं की आत जायला चप्पल काढावी की नवी घालावी, कळेना. मग दोघं राहायला आली.

जुन्या घरात राहणं म्हणजे काय, ते त्यांना घरानंच शिकवायला घेतलं. पहिल्याच आठवड्यात वानरांनी मुश्ताकभाईंची काकडीचा मांडव साफ केला. ते ट्रेलरच्या हॉर्नसारखा आवाज काढून त्यांच्यामागं धावायचे आणि वानरं कौलांवर बसून निवांत बघायची. जरा वारा सुटला की लाइट जायची. महरुन्निसा कुवेतला कधी कधी जायची, नाहीतर महाडात राहायची, आणि दोन्हीकडे भिंतीपलीकडून शेजाऱ्याचा टीव्ही ऐकू यायचा. इथं ऐकू यायचे बेडूक. न्हाणीत धामण निघाली तेव्हा ती तशीच ओल्या केसांनी आमच्याकडे पळत आली. सासूबाईंनी काठीनं धामण हाकून दिली, परत आल्या, तिला पाणी दिलं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या. बसल्या नाहीत. महरुन्निसा 'चल ना माझ्याकडं' म्हणाली तर म्हणाल्या, हातात काम हाय.

ते वाईट होतं. मुश्ताकभाईंनी महाडात जुन्या ओळखीवर ट्रान्सपोर्टचं काम सुरू केलं होतं, ते सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. महरुन्निसा त्या पिस्ता रंगाच्या घरात एकटी. मी जायची अधूनमधून, पण मला बालवाडी शिकवायला जायचं असायचं, घरी पोरं होती. तिला हवी होती बरोबरीची बाई. दोघी तुडीलच्या माहेरवाशिणी, एकाच नदीचं पाणी प्यालेल्या. पूर्वी ती मेमध्ये आली की दोघींची बोलणी संपायची नाहीत. आणि आता गडग्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. सासूबाई मेल्या आवाजात एवढंच म्हणायच्या, ज्या घरात माजं नाव खराब झालं तिथं कुठल्या तोंडानं जाऊ?

त्यांचा शुक्रवार गेला होता. दुपारची भांडी झाली की त्या उगीच उठायच्या, लाकडांच्या ढिगापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. अंगानं उतरल्या. माझ्याशी भांडायच्याही बंद झाल्या, तेव्हा मला खरी काळजी लागली.

थंडीत मुश्ताकभाईंच्या माजघरातल्या खांबावर मातीची बारीक रेघ दिसली. मग दुसरी. वाळवी. त्यांनी बाजारातून औषध आणून मारलं, रेघ पलीकडच्या वाशावर निघाली. ते औषधं बदलत राहिले. महरुन्निसाच्या मात्र डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं. सासू सांगायची ते तिला आठवलं. इतकी वर्षं घर बंद होतं तरी वाळवी नाही, आणि माणसं राहायला आल्यावर वाळवी. म्हणजे जो कोणी इथं चूल पेटवत होता त्यानं घर नासवलं नव्हतं, राखलं होतं.

एक दिवस ती माझ्याकडे आली. हातात तो पत्र्याचा डबा. मुश्ताकभाईंनी फेकायला सांगितला होता, तिनं ठेवून दिला होता. चहा घेता घेता, जणू हवापाण्याचं बोलावं तसं तिनं विचारलं, "निशिगंधा, तुझी सासू मासळी खाते का गो?"

मी हसले. उत्तर दिलं नाही, कारण द्यायचा हक्क माझा नव्हता. पण हसू आवरायला मला कधीच जमलेलं नाही. महरुन्निसानं डब्यावरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. तुडीलची बाय मासळीशिवाय राहील कशी, हे मलाच कळायला नको होतं का, असं म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून तिनं मला शपथ घातली, मुश्ताकला सांगायचं नाही. पुरुषाच्या तोंडात राहायचं नाही, महिपतदादांच्या कानावर जाईल आणि त्या बाईचा संसार म्हातारपणी नासेल.

तिनं आधी चूल घालायचं काढलं. नवऱ्याला वाळवीचं कारण सांगितलं, त्यांनी कुरकुरत हो म्हटलं. चूल घालायला सासूबाईंना बोलावलं, त्या गेल्या नाहीत. मग मीच माती कालवली. मी घातलेली चूल एका अंगाला अशी कलली की पातेलं ठेवलं की कालवण पोलादपूरच्या दिशेनं वाहायचं. महरुन्निसानं खाली कौलाचा तुकडा सारला आणि चालवून घेतलं. धूर सुरू झाला, पण सासूबाई आल्या नाहीत. शेवयांच्या खिरीचं आमंत्रण, मुलगी अलीशबाचा व्हिडिओ कॉल आलाय, गुडघ्याला तेल लावून दे, सगळे बहाणे करून झाले. बाई हटेना.

मग रमजान आला. उन्हाळ्याचे दिवस, घामाच्या धारा, आणि महरुन्निसाचे रोजे. एका शुक्रवारी दुपारी, आम्ही मागच्या पडवीत चिंचा फोडत बसलो असताना, ती गडग्याच्या खिंडीत येऊन उभी राहिली.

"साळूबाय," ती म्हणाली, "रोजा हाय माझा, जिभेवर काय ठेवता येत नाय. कालवण टाकलंय, मुश्ताक रोजा सोडायला येईल. जरा मीठ बघून जा गो."

रोज्यात चव घ्यायला शेजारणीला बोलवायची ही पद्धत आमच्याकडे जुनी. हमीदाबीही बोलवायची म्हणतात. शेजारधर्माचं काम, त्याला नाही कसं म्हणायचं? सासूबाईंनी कालवण कसलं म्हणून विचारलं नाही. वारा आमच्याच बाजूला होता. त्यांनी चिंचेचे हात पदराला पुसले, माझ्याकडं बघितलं नाही, आणि खिंडीतून गेल्या. मी मागोमाग गेले. मला हे सोडवत नव्हतं.

महरुन्निसानं वाटीत कालवण काढलं, वर थोडा भात घातला. सासूबाईंनी त्या पिस्ता भिंतीकडं पाहिलं, माझ्या कललेल्या चुलीकडं पाहिलं, आणि उभ्यानंच एक घास घेतला. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाल्या, मीठ बराबर हाय, कोकम कमी पडलंय. महरुन्निसा म्हणाली, मग टाक, आणि पुन्हा बघ. सासूबाईंनी कोकम टाकलं, पाट ओढला आणि पुन्हा बघितलं. त्या दिवशी वाटीतलं मीठ त्यांनी तळापर्यंत बघितलं. महरुन्निसा उपाशीपोटी समोर बसून त्यांच्याकडं बघत होती, आणि जेवणारीपेक्षा तिचंच तोंड जास्त तृप्त दिसत होतं. डब्याचा विषय दोघींनी काढला नाही.

रमजानभर हे चाललं. फक्त शुक्रवारी नाही, कधी मधल्या वारीही मिठाची अडचण यायला लागली. सासूबाई परत माझ्याशी भांडायला लागल्या. मी देवाचे आभार मानले.

ईद झाली. अलीशबा शारजाला असते, तिचे दिवस भरत आले होते, म्हणून दोघं तिच्याकडे जायला निघाली. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसली. आबा होते, रितेश पोलादपूरच्या त्याच्या हॉटेलातून आला होता, वरच्या आळीतला महादू सुतार काही कामासाठी येऊन टेकला होता. बोलता बोलता रितेशनं विचारलं, घराकडं कोण बघणार? मुश्ताकभाई म्हणाले, महाडहून एक राखणदार ठेवलाय. महरुन्निसा लगेच म्हणाली, परका माणूस कशाला, साळूबाय हाय ना. मुश्ताकभाईंनी मान हलवली. म्हणाले, वहिनींवर माझा राग नाही, पण मागच्या वेळी त्यांच्या भरवशावर टाकलं आणि परक्यांनी माझ्या आईच्या चुलीवर मासळ्या शिजवल्या. तिकडं जाऊन जीव टांगणीला लावून घ्यायची माझी ताकद नाही आता.

सासूबाई चहा घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या. तिथंच थांबल्या. महादूनं त्यांच्याकडं पाहिलं आणि मग नजर खाली घातली. महरुन्निसा ओठ चावत होती. तिला सांगता येत नव्हतं, मला सांगता येत नव्हतं, आणि ती बाई चहाचं ताट धरून उंबऱ्यातच उभी होती.

तेव्हा आबा बोलले. आबा तसे कमी बोलणारे, चारचौघांत तर हो-नाहीच्या पुढं न जाणारे.

"मुश्ताक," ते म्हणाले, "चावी कोनाच्या हातात गेली नव्हती. तुज्या घरात मासळी शिजवत होती ती माजी बायको."

मुश्ताकभाईंना पटेना. ते म्हणाले, महिपतदादा, तुमच्या घरात तर माळ आहे.

"माळ मी घातली," आबा म्हणाले. "तिनं नाय."

मग एकदा बोलायला लागल्यावर त्यांनी सगळंच सांगितलं, जमिनीकडं बघत, जणू हिशोब दुसऱ्याच कोणाचा आहे. तुझ्या आईनं धूर दे म्हणून सांगितलं होतं, तो तिनं एका शुक्रवारी चुकवला नाही, म्हणून तुझं घर उभं आहे. धूर तुझ्या घराचा, घास तिचा. मी दर शुक्रवारी पोलादपूरला रितेशच्या हॉटेलात जाऊन बसायचो. काम काही नसायचं. लवकर परत आलो तर तिला उरकावं लागलं असतं. तू विचारायला आलास तेव्हा ती गप्प राहिली, म्हणून मीही गप्प राहिलो. तिनं झाकलेलं मी कसं उघडं करायचं? पण चार माणसांत तिला चोराच्या जागी उभं केलेलं मला खपणार नाही.

मुश्ताकभाई उठले. उंबऱ्यापाशी गेले, सासूबाईंच्या हातातलं ताट घेतलं आणि खाली ठेवलं. म्हणाले, वहिनी, मला माफ करा. सासूबाईंनी ते ऐकलंही असेल की नाही, कोण जाणे. त्यांचं लक्ष मुश्ताकभाईंकडं नव्हतंच. त्या आबांकडं बघत होत्या.

"कवापासनं ठाव होतं?"

"पयल्यापासनं."

"मग येवढी वर्सं बोललात का नाय?"

आबांनी मान वर केली.

"बोललो असतो तर तू सोडलं असतंस गो."

सासूबाई पडवीत आल्या आणि आबांच्या शेजारी बसल्या. सून होऊन इतकी वर्षं झाली होती मला, पण परक्या पुरुषांसमोर, आबांच्या बरोबरीनं, त्यांच्या खांद्याला खांदा लागेल अशा त्या बसलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.